मकबूलचाचांची देगभर शाळा

उदगीरच्या आसपास लग्न निघालं की नवरदेवाआधी मकबूलचाचांची तारीख पक्की करतात, असं लोक गमतीनं म्हणतात. चाचा बावर्ची आहेत. डालचा, बिर्याणी, जर्दा म्हणजे गोड पिवळा भात, म्हणाल ते करतील, फक्त थोडं करा म्हणू नका. थोडं त्यांना येत नाही. पाचशे माणसांच्या डालच्यात मीठ किती, हे त्यांचा हात झोपेतसुद्धा सांगेल. पण घरच्या चौघांसाठी वरण टाकायला सांगा, अख्ख्या गल्लीला पंगतीला बसवावं लागतं. म्हणून शकिलाचाचींनी लग्नानंतर पहिल्याच महिन्यात त्यांना घरच्या चुलीपासून हद्दपार केलं, आणि तो हुकूम अजून कायम आहे.

अशा माणसाच्या हाती दोन लहान पोरांचं शिक्षण गेलं, ते असं.

चाचांची मुलगी नाजिया नांदेडला एका दवाखान्यात नर्स आहे, तीही रात्रपाळीची. जावई रिजवानचं तिथंच मोबाईल दुरुस्तीचं दुकान, आणि राहायला दुकानामागची एकुलती एक खोली. त्यामुळे त्यांची दोन पोरं उदगीरला नाना-नानींकडे होती, आणि रिजवान महिन्यातून एकदा येऊन जायचा. जेबा पाच वर्षांची, मुनीब साडेतीनचा. जेबाला बालवाडीत घालून पाहिलं होतं. ती रोज बालवाडीच्या दाराची कडी धरून रडायची, आणि एक दिवस ती कडीच घेऊन घरी आली. तेव्हा नाजियानं ठरवलं, यंदा पोरं घरीच शिकतील, आणि हातानं करून शिकतील. ती मोबाईलवर व्हिडिओ पाठवणार आणि अब्बा तसं करून घेणार.

रिजवानला हे अजिबात पटलं नव्हतं. लातूरला त्याची बहीण राहते, तिच्या घराजवळ इंग्रजी शाळा आहे, पोरांना तिकडं ठेवावं असं त्याचं म्हणणं. शेवटी नाजियाच्या हट्टापुढं तो एवढंच म्हणाला, "उन्हाळ्यात आलो की परीक्षा घेतो मामू. काही शिकलेली दिसली तर ठीक. न्हाई तर जूनला लातूर."

दखनी घरांत सासऱ्याला मामू म्हणतात. चाचांनी मान डोलावली. मुनीब त्यांची दाढी मुठीत धरून झोपायचा. दाढी ओढली गेली की चाचांची झोपमोड व्हायची, आणि तसं जागं होण्याची त्यांना इतकी सवय लागली होती की दाढी मोकळी असेल तर झोप येईना. पोरं गेली तर आपण या घरात करायचं काय, हे त्यांना खरोखर कळत नव्हतं.

पहिला व्हिडिओ आला रंगीत गोळ्याचा. मैदा एक वाटी, मीठ अर्धी वाटी, चमचाभर तेल, थोडा रंग. मळा आणि पोरांना खेळायला द्या. चाचांनी तो दोनदा पाहिला.

"एक वाटी?" ते म्हणाले. "किती माणसं हायत?"

"माणसं न्हाईत हो. दोन पोरं," चाची म्हणाल्या.

"दोन पोरं म्हणल्यावर त्यांचे दोस्त येतील. दोस्तांचे भाऊ येतील. कमी पडलं तर लाज कुणाची जाते? बावर्च्याची!"

मग अंगणात मोठी परात आली. मैद्याचं आख्खं पोतं फुटलं. हाताच्या सवयीनं जर्द्याचा रंग पडला, पाठोपाठ वेलची पडली, आणि चाची धावत येईपर्यंत तूपही पडलं होतं. गोळा असा झाला की मुनीब त्यावर बसला आणि हळूहळू आत गेला. त्याला चाचांनी आणि जेबानं मिळून उपटून काढलं.

शेजारी गुरम्मा राहते. ती कडक भाकरीचा धंदा करते आणि बोलता बोलता कानडीत घुसते. एवढं पीठ बघून तिचे हात काही स्वस्थ बसेनात. तिनं एक बैल केला. मग गल्लीतल्या बायकांनी गायी केल्या, देवणी जातीच्या जनावरांसारख्या ठिपक्यांसकट. तरी पीठ उरलंच. मग कुणीतरी पापड लाटले आणि गच्चीवर वाळत घातले. गुरम्माचा नवरा मलप्पा संध्याकाळी गच्चीवर गेला, एक पापड तळून चहाबरोबर खाल्ला आणि खाली येऊन म्हणाला, "मीठ जरा जास्त हाय चाचा, पण झालाय चांगला." दुसऱ्या दिवशी त्यानं आणखी मागितले. पोरांना खेळायला मिळाला तो गुरम्माचा बैल, तेवढाच.

दुसरा व्हिडिओ डाळी निवडण्याचा होता. मूठभर तूर, मूठभर मसूर, मूठभर चणाडाळ एकत्र करायची आणि पोरांनी रंगावरून वेगवेगळी करायची. बोटांना वळण लागतं म्हणे. चाचांची मूठ म्हणजे पायली. मिसळता मिसळता दुसऱ्या दिवशीच्या लग्नाची डाळ कुठली आणि शाळेची कुठली हेच कळेनासं झालं. पोरांनी थोडा वेळ निवडली आणि ढिगाऱ्यावर झोपून गेली. चाचा, चाची, गुरम्मा आणि दारात सहज उभा राहिलेला टपालवाला दिवस मावळेपर्यंत डाळ निवडत बसले, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून नाद सोडला. त्या लग्नात लोकांनी तिरंगी डालचा खाल्ला. मुलीचा बाप चाचांना बाजूला घेऊन म्हणाला, "हे नवीन काय सुरू केलं?" चाचा म्हणाले, "पोरांच्या शाळेचं हाय." तो बिचारा काही न कळून हाव हाव, म्हणजे हो हो, करत गेला.

ज्वालामुखीबद्दल मात्र गल्लीत अजून बोललं जातं. व्हिडिओत एक बाई मातीचा एवढासा डोंगर करते, त्यात बाटली पुरते, खाण्याचा सोडा टाकते, वरून सिरका, म्हणजे व्हिनेगर, ओतते, आणि फसफस करत फेस वर येतो. चाचांनी बाटलीच्या जागी देग घेतली, लग्नाची बिर्याणी शिजवतात ते मोठं भांडं. गल्लीच्या तोंडाशी दयानंद गुरुजींच्या बांधकामाची वाळू पडली होती, तिच्यात ती गळ्यापर्यंत पुरली. सोडा पडला. जर्द्याचा रंग पडलाच, तो कसा सुटेल. चाचांनी कळशीनं सिरका ओतला आणि "बिस्मिल्ला" म्हणून पोरांना घेऊन मागे सरकले.

देगीतून पिवळाजर्द फेस वर आला, वाळूवरून उतरला, वळण घेऊन थेट गुरम्माच्या चुलीत शिरला. चूल विझली. "साकु, चाचा, साकु!" गुरम्मा हात जोडून ओरडायला लागली, पण पुरे म्हणून ज्वालामुखी थोडाच थांबतो! नळाला पाणी आठवड्यातून एकदा येतं, आणि ते यायला अजून अवकाश होता. गल्ली धुवायची कशानं? फेस तसाच वाळला. दयानंद गुरुजींच्या घराची एक भिंत त्या वाळूमुळं आजही पिवळट दिसते, आणि पाहुणे विचारतात तेव्हा ते खुलासा करत बसतात.

चाचींनी त्या दिवशी बजावलं. "अहो, रिजवान येऊन काय बघणार? पोरं काय शिकली सांगा बरं."

"शिकून राहिलीत ना," चाचा म्हणाले. पण त्यांनाही धास्ती बसली होती. त्यांनी रात्री प्रामाणिकपणे एक वाटी पाणी मोजून घ्यायचा सराव करून पाहिला. दर वेळी हात पातेल्याकडंच जायचा.

आणि मे महिन्यातल्या एका शुक्रवारी रिजवान आला. अंगात कडक इस्त्रीचा बदामी शर्ट, हातात केळी. नमाज झाल्यावर तो बैठकीत खुर्चीवर बसला आणि पोरांना समोर उभं केलं. चाचा दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले. लग्नात वरातीला उशीर होऊन बिर्याणीचा दम जास्त व्हायला लागला की त्यांचा चेहरा जसा होतो, तसा झाला होता.

"मुनीब, माझा शर्ट कुठल्या रंगाचा?"

"कांद्याचा," मुनीब म्हणाला.

"कांदा? कसला कांदा?"

"निम्मा तळलेला," जेबानं समजावून सांगितलं. "आता काढला न्हाई तर करपंल."

रिजवाननं शर्टाकडं पाहिलं. मग तो जेबाकडं वळला. "बरं, तुझ्याकडं चार आंबे हायत. मी दोन दिले. किती झाले?"

"आठ."

"नीट मोज."

जेबानं बोटं मोजली. "सहा."

"मग आठ का म्हणालीस?"

"दोन जादा धरायचे असतात," जेबा म्हणाली. "न बोलावता येणारे येतातच."

चाचांनी डोळे मिटले. हे त्यांनीच शिकवलं होतं, डोक्यावर हात ठेवून, प्रेमानं. रिजवाननं मग इंग्रजी विचारलं. ए फॉर अद्रक निघालं, बी फॉर बिर्याणी. पुढचं त्यानं विचारलंच नाही.

"मामू," तो हळू आवाजात म्हणाला, "तुम्ही लई केलं. राग धरू नका. पण जूनला लातूर."

चाचांना खूप बोलायचं होतं. पोरं हसतात, पोटभर जेवतात, जेबा आता कडी धरून रडत नाही, हे काहीच नाही का, असं विचारायचं होतं. पण समोर जावई होता. "जेवून घ्या रिजवान मियाँ," एवढंच ते म्हणाले. चाचींनी जेवायला जमिनीवर दस्तरखान अंथरला आणि पदरानं नाक पुसत आत गेल्या.

तेवढ्यात मुनीब आतून आला. एका हातात तोटीचा लोटा, काखेत चिलमची, म्हणजे हात धुण्याचं पितळी भांडं, आणि खांद्यावर टॉवेल. हे कुठल्या व्हिडिओतलं नव्हतं. आल्यागेल्याच्या हातावर पाणी घालायला नानीनं त्याला शिकवलं होतं. त्यानं चिलमची बापाच्या पुढ्यात ठेवली आणि लोटा दोन्ही हातांनी धरला.

"हात पुढं करा," तो अदबीनं म्हणाला.

रिजवान पहिल्यांदाच हसला. हात पुढं केले. मुनीबनं थेंबही न सांडता धार धरली. बारीक, बेतशीर धार.

"वा! हे लई चांगलं शिकला," रिजवान म्हणाला. "नानांच्या हातावर पण असंच घालतो का?"

मुनीबला प्रश्न खुळा वाटला. "न्हाई. नाना घरचे हायत. घरचे मोरीत धुतात."

"मग हे कुणासाठी?"

"येऊन जातात त्यांच्यासाठी."

धार संपली. रिजवानचे हात तसेच चिलमचीवर राहिले, पाणी ठिबकत. मुनीबनं रीतीप्रमाणे टॉवेल पुढं केला, तोही त्यानं घेतला नाही.

"लेकरू हाय, बोलून गेलं," चाची दारातून घाईघाईनं म्हणाल्या.

चाचांना एक क्षण बरं वाटलं. लागलं बघ, असं मनात आलं. मग त्यांनी जावयाचा चेहरा पाहिला आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली. दर महिन्याला हा माणूस केळी घेऊन येतो, याच खुर्चीवर बसतो, जेवतो आणि शेवटच्या गाडीनं परत जातो. पोरानं जे पाहिलं तेच सांगितलं होतं.

रिजवान उठला. मोरीत गेला, पिंपातून तांब्याभर पाणी घेतलं आणि धुतलेले हात परत धुतले. मुनीब मागं मागं गेला. "तिकडं न्हाई जायचं," तो सांगत होता, "तुम्ही तिकडं न्हाई जायचं."

परत आल्यावर रिजवान खुर्चीवर बसला नाही. खाली, दस्तरखानाशी बसला.

"लातूरला नको मामू," तो म्हणाला.

चाचांच्या छातीत एकदम हलकं झालं.

"तिथं तर मी अजूनच परका होईन. उदगीरला पण नको. नांदेडला नेतो पोरांना. नाजियाला दिवसपाळी मागायला सांगतो. खोली लहान हाय, पण राहू चौघं. दुकानात बसवीन जेबाला जवळ. मला शिकवता येत न्हाई. शिकवीन येईल तसं."

"खोली लहान पडंल," चाचा म्हणाले. खोली लहान होती हे खरंच होतं. पण आत्ता जावई जे बोलला होता ते जास्त खरं होतं, आणि त्याला अडवायला एक शब्द जरी खर्च केला तर तो आपल्यासाठी असेल, पोरांसाठी नाही, हे त्यांना समजलं. त्यांनी डालच्याचं भांडं जावयापुढं सरकवलं. "घ्या. थंड होतंय."

मुनीब लोटा घेऊन उभाच होता. त्याच्या डोक्यात काहीतरी जुळत होतं.

"आम्ही अब्बांच्या घरी राहणार?"

"हाव," रिजवान म्हणाला. "आपल्या घरी."

"आणि नाना?"

"नाना येतील की भेटायला."

"येऊन जातील?"

"हाव."

मुनीबनं लोट्यात डोकावून पाहिलं. तळाशी थोडं पाणी शिल्लक होतं. मग नानांकडं बघून तो समजूतदारपणे म्हणाला, "मग तिथं मी तुमच्या हातावर पाणी घालीन."

"घाल बेटा," चाचा म्हणाले, आणि ताटात भात वाढायला लागले.