न मिटणारा हात

बाचा उजवा हात मोहोपाड्याच्या कारखान्यात यंत्रात सापडला आणि पोशीरच्या आमच्या घरातली कमाई थांबली. आई लोकांच्या भातशेतीत राबू लागली. जखम भरली, पण बोटं मिटेनात. बा तो हात टॉवेलखाली झाकून बसायचा.

मी तेव्हा कॉलेजात होतो, आमच्या घराण्यातला पहिलाच. एका जत्रेत खेळवाला पाहिला. लाकडी चेंडू त्याच्या बोटांच्या पाठीवरून कोपरापर्यंत घरंगळत जाई अन् तसाच परत येई.

"मूठ वळायचीच नाय," तो म्हणाला. "चेंडू जाईल तिकडं हात न्यायचा."

मला बाचा हात आठवला.

चेंडू नव्हता, म्हणून मी कवठावर शिकलो. कवठ पडायचं, फुटायचं आणि आई गूळ घालून त्याची चटणी वाटायची. "कॉलेजात चटणीच शिकवतात का रं?" ती विचारायची. बा हसायचा नाही.

मला जमल्यावर मी कवठ त्याच्यापुढे धरलं. "माझा खेळ करतो का रं?" एवढंच तो म्हणाला. शेवटी आईनंच धुवायच्या निमित्तानं टॉवेल ओढून नेला.

उघड्या हातावर मी कवठ ठेवलं. ते पडलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा पडलं. आधार द्यावा तर शिकणं होत नाही, म्हणून मी नुसता बघत बसायचो.

मी पदवीधर झालो. बाची बोटं शेवटपर्यंत मिटली नाहीत. पण पदवीच्या त्याच उन्हाळ्यात कवठ त्याच्या बोटांवरून कोपरापर्यंत गेलं आणि न पडता परत आलं.