व्हिडिओच्या कपाटाची चावी

ही गोष्ट माझ्या घरात कुणाला ठाऊक नाही. बायकोलाही कधी सांगितली नाही – आणि तिच्यापासून मला साधी विडीची थोटकंसुद्धा लपवता आली नव्हती. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. बरं, हे काही खरं कारण नाही. खरं कारण मलाही सापडलेलं नाही. राहू द्या.

मी भूगोलाचा मास्तर. नरडाण्याच्या अलीकडे एका गावात संस्थेचं हायस्कूल होतं, तिथे सव्वीस वर्षं शिकवलं. फळ्यावर एका हाताने भारताचा नकाशा काढायचो, खडू न उचलता. मुलं तोंडात बोटं घालायची. माझा तोरा होता, खोटं कशाला बोलू? मास्तराला आणखी असतं काय?

मग नव्वदनंतरच्या एका वर्षी शाळेत पत्र आलं. शाळेला रंगीत टीव्ही आणि व्हिडिओ मिळणार, आणि त्याआधी एका शिक्षकाने धुळ्याला पाच दिवस प्रशिक्षण घ्यायचं. फी नाही, वर जेवण फुकट. मी ज्येष्ठ, म्हणून हेडमास्तरांनी माझं नाव घातलं. गंमत अशी की शिकवणारे साहेब धुळ्यात नव्हतेच. ते पुण्यात बसून बोलायचे आणि आम्ही हॉलमध्ये टीव्हीसमोर बसून ऐकायचं. टेबलावर एक फोन. शंका असली की फोनवर विचारायची आणि ती सगळ्या केंद्रांवर ऐकू जायची.

पहिल्या दिवशी दुपारी माझी पाळी आली. काही विचारलं नाही तर मागासलेला दिसेन, म्हणून विचारलं, “साहेब, एक बाजू संपली की कॅसेट उलटी करून लावायची ना?”

आमच्या घरी टेपरेकॉर्डर होता. भजनाची कॅसेट उलटीच करावी लागते! मला काय माहीत, व्हिडिओची कॅसेट उलटत नाहीत ते? हॉल हसला. फोनमधून लांबच्या केंद्रांवरचं हसणं ऐकू आलं. पडद्यावरचे साहेबसुद्धा हसले, मग सावरून म्हणाले की प्रश्न चांगला आहे. ते सावरणं मला जास्त लागलं. पन्नाशी ओलांडलेला माणूस मी, कान लालबुंद झाले होते.

दुसऱ्या दिवसापासून मी सकाळी सही करायचो आणि सटकायचो. एसटी स्टँडवरच्या बाकावर बसायचो, पेपर वाचायचो, पांझरा नदीकाठी चक्कर मारायचो, संध्याकाळी परत जाऊन सही. पाचव्या दिवशी प्रमाणपत्र मिळालं आणि एक पुस्तिका. पुस्तिका तशीच पिशवीत गेली. प्रमाणपत्र हेडमास्तरांनी ऑफिसात फ्रेम करून लावलं.

झालं! आता गावात त्या यंत्राचा जाणकार कोण, तर मी. टीव्ही आला, व्हिडिओ आला, विज्ञानाच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात बसला आणि चावी माझ्या जानव्याला. मुलं रोज विचारायची, सर कधी लावणार? आज व्होल्टेज कमी आहे. आज लाइट जाणार आहे. आज धूळ फार आहे. नाचता येईना अंगण वाकडं – ही म्हण मीच शाळेत शंभर वेळा ऐकवली असेल. झोपेतसुद्धा घाम यायचा की उद्या कुणी अधिकारी येईल आणि म्हणेल, लावून दाखवा.

त्यातून मला सोडवलं बोरसे बाईंनी. नवीन लागलेल्या, चाळीसगावच्या, विज्ञान शिकवायच्या. वडील नव्हते, धाकट्या दोन बहिणी यांच्या पगारावर शिकत होत्या. संस्थेच्या शाळेत दोन वर्षं कच्ची नोकरी असते, ती नीट पार पडली की माणूस कायम होतो. बी.एड.ला असताना त्यांच्या कॉलेजात व्हिडिओ होता, तो त्या चालवायच्या. एक दिवस हळूच म्हणाल्या, सर, तुम्हाला कामं असतात, मी लावू का? मी मोठ्या मनाचा आव आणून चावी दिली. मनात म्हटलं, सुटलो.

आणि काय सुरेख चालवायच्या हो! हृदय कसं धडधडतं ते नववीच्या पोरांनी डोळ्यांनी पाहिलं. मधेच चित्र थांबवायच्या, प्रश्न विचारायच्या, पुन्हा सोडायच्या. खेड्यापाड्यांतून पालक बघायला आले. बाई सगळ्यांना सांगायच्या, आमच्या सरांनी ट्रेनिंग घेतलंय, त्यांच्या मार्गदर्शनाखाली चाललंय. मनापासून सांगायच्या. मला ते ऐकवत नव्हतं. मत्सर होता का? होता. पण त्याहून भीती होती, कारण कधीतरी त्या मला काहीतरी विचारणार होत्या.

आता मुद्द्यावर येतो. मघापासून टाळतोय, ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

खंडेनवमीला शाळेत अवजारांची पूजा असते. घंटा, शिपायाची कुदळ, प्रयोगशाळेतले तराजू, ऑफिसातला टाइपरायटर, सगळ्यांना हळदकुंकू आणि फूल. मी म्हटलं, व्हिडिओची पूजा मी करतो. बाईंकडून चावी मागून घेतली आणि एकटाच खोलीत गेलो. एकटा का? चारचौघांसमोर त्याला हात लावायची हिंमत नव्हती म्हणून. झेंडूचं फूल वाहिलं, कुंकू लावलं. नारळ फोडायला दगड आणायचा राहिला होता. बाहेर जाऊन मागायचा तरी कशाला, म्हणून टेबलाच्या लोखंडी कडेवर आपटला. नारळ वेडावाकडा फुटला आणि सगळं पाणी व्हिडिओवर. वरच्या फटींमधून आत गेलेलं मला दिसलं.

उपरण्याने पुसलं. मग घरी जाऊन ती पुस्तिका काढली, आयुष्यात पहिल्यांदा. त्यात स्पष्ट छापलं होतं – यंत्रात पाणी गेल्यास वीज जोडू नये, कारागिराकडून उघडून घ्यावे. ट्रेनिंगच्या दुसऱ्या दिवसाचा पाठ होता तो. मी तेव्हा स्टँडवर पेपर वाचत होतो.

म्हणजे मला माहीत होतं. कळतंय ना मी काय म्हणतोय? नकळत झालं असं नाही. मी वाचलं, पुस्तिका मिटली आणि दसऱ्याच्या सुट्टीनंतर चावी बाईंच्या हातात परत दिली. पाणी वाळलं असेल, असं स्वतःला सांगितलं. पुढे सहामाही परीक्षा आली, मग दिवाळीची सुट्टी. जवळजवळ दीड महिना मी तोंड उघडू शकलो असतो. रोज सकाळी ठरवायचो, आज सांगतो. आणि रोज वाटायचं – सांगितलं तर विचारतील, ट्रेनिंगमध्ये हे शिकवलं नव्हतं का? मग सह्या निघतील, कॅसेट निघेल, ते हसणं निघेल.

सुट्टीनंतर पहिल्या सोमवारी बाईंनी नववीला बसवलं आणि बटण दाबलं. मी शेजारच्या वर्गात नद्या शिकवत होतो. फट्ट आवाज झाला, मग जळका वास, मग पोरांची पळापळ. बाईंच्या बोटांना झटका बसला होता. त्या व्हरांड्यात उभ्या राहून पहिल्यांदा मुलं मोजत होत्या, सगळी बाहेर आली का ते.

संस्थेचे अध्यक्ष आबा, कापसाचे मोठे व्यापारी, त्याच संध्याकाळी शाळेत आले. सरकारी वस्तू जळाली म्हणजे गावाची अब्रू गेली, असं त्यांचं म्हणणं. बाई भिंतीपाशी उभ्या. आबा माझ्याकडे वळले.

“मास्तर, तुम्ही ट्रेनिंग करेल शे. तुम्हीच सांगा, कोनं चुकनं?”

माझ्या डोक्यावर ऑफिसातली ती प्रमाणपत्राची फ्रेम होती. मी म्हणालो, “न शिकलेल्या माणसाने हात लावला की असं होतं, आबा.”

एवढंच बोललो. आवाजही चढवला नाही. बाईंची दोन वर्षं भरायला तीन महिने राहिले होते. महिन्याची नोटीस देऊन त्यांना मोकळं केलं. व्हिडिओ दुरुस्तीला न्यावा असं हेडमास्तर दोनदा म्हणाले आणि दोन्ही वेळा मीच मोडता घातला. उघडला असता तर आत कुंकवाचे ओघळ दिसले असते.

जाण्याच्या दिवशी बाई माझ्याकडे आल्या. मला वाटलं, कळलं हिला. पण त्यांनी वही उघडली आणि म्हणाल्या, “सर, माझं नेमकं काय चुकलं ते सांगा. पुढे कुठे यंत्र हाती आलं तर तीच चूक नको व्हायला.”

मी सांगितलं! थंडीच्या दिवसांत प्लग लावल्यावर पाच मिनिटं थांबायचं असतं, मगच बटण दाबायचं, असं तिथल्या तिथे रचून सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं, खाली रेघ ओढली, वाकून नमस्कार केला आणि गेल्या. मी आशीर्वादही दिला.

त्यानंतर पाच-सहा वर्षांनी चाळीसगाव स्टेशनवर त्या भेटल्या. मी निवृत्त झालो होतो. त्यांनीच ओळखलं, माझी पिशवी घेतली, बाकावर जागा करून दिली. चार ठिकाणी हंगामी काम करून आता एका आश्रमशाळेत होत्या. एका बहिणीचं शिक्षण मधेच सुटलं होतं. शाळेत कॉम्प्युटर आलाय म्हणाल्या, नाशिकला फुकट प्रशिक्षण होतं, तिथल्या मुख्याध्यापकांनी यांचंच नाव काढलं होतं. मी विचारलं, मग केव्हा जाताय? त्या हसल्या. इतक्या वर्षांत माझ्याशी प्रमाण मराठीतच बोललेल्या बाई तेव्हा घरच्या बोलीत बोलल्या.

“नको म्हनी दिन्हं, सर. मना हातले यंत्र लाभत नही.”

त्यांचा हात माझ्या शेजारीच बाकावर होता. त्या क्षणी मी बोलू शकलो असतो. फलाटावर ओळखीचं कुणी नव्हतं, आबा वारले होते, नोकरी संपली होती, माझं कुणी काही वाकडं करू शकत नव्हतं. भ्यायला काहीही उरलं नव्हतं. गाडीला वीस मिनिटं होती. मी म्हणालो, बरोबर आहे, प्रत्येकाला सगळं जमतं असं नाही.

त्यांनी मान डोलावली. मग माझ्यासाठी चहा आणायला गेल्या. तो मी प्यायलो.