दोन इंच कमी

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशीसुद्धा नाही. तुम्हाला लिहितोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — की हीसुद्धा एक पळवाटच?

माझी मुलगी प्रज्ञा गोलकीपर होती. ‘होती’ लिहिताना हात अडतो, कारण ती धडधाकट आहे, आत्ता शेजारच्या खोलीत केस विंचरतेय. नांदेडच्या रेल्वेच्या मैदानावर झेप घ्यायला तिला मीच शिकवलं. कचेरीतून सुटलो की पायजमा चढवून मी गोलावर चेंडू मारायचो आणि ती मातीत लोळून तो अडवायची. बारावीनंतर हैदराबादला एका मोठ्या क्लबच्या निवडचाचणीला तिला मीच घेऊन गेलो. देशातली स्पर्धा जिंकून तो क्लब आशियातल्या महिला क्लबांच्या स्पर्धेत उतरणार होता. तिथल्या प्रशिक्षक बाईंनी तिचा खेळ पाहिला आणि म्हणाल्या, कळवू.

त्यानंतर मी तिला लातूरला टाकलं. बारावीत मेडिकलच्या ‘नीट’ परीक्षेला मार्क कमी पडले होते, म्हणून रिपीटरच्या बॅचला. लातूरची ती होस्टेलं तुम्हाला ठाऊक असतील — मोबाईल पहिल्याच दिवशी रेक्टर मॅडमकडे जमा, आईबापांशी बोलणं फक्त रविवारी. म्हणून तिनं क्लबला माझा नंबर दिला होता. दुसरा कुणाचा देणार होती?

फोन आला तेव्हा मी कचेरीत होतो. त्याच बाई. त्यांच्या एका गोलकीपरचा खांदा निखळला होता आणि गटसामन्यांसाठी नवं नाव संध्याकाळपर्यंत द्यायचं होतं. “आपकी बेटी के हाथ बहुत अच्छे हैं,” त्या म्हणाल्या, “कल निकल सकती है?”

मी जिन्यात जाऊन उभा राहिलो. काय चाललं होतं डोक्यात? पोरीचं भलं? तसं मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलंय. पण खरं तर मला विहारात जमणारी माणसं दिसत होती, ज्यांना मी पोरगी डॉक्टर होणार म्हणून सांगून बसलो होतो. आणि कचेरीतले लोक दिसत होते.

“उसने खेलना छोड़ दिया, मॅडम,” मी म्हणालो.

“एक बार उससे बात करा दीजिए.”

“वो खुद नहीं चाहती.”

एवढंच. पुन्हा जागेवर येऊन बसलो, चहा प्यायलो.

पण इथंच थांबलो असतो तरी — नाही, मी थांबलो नाही. रविवारी डबा घेऊन एसटीनं लातूरला गेलो. होस्टेलच्या गेटवर तिनं डबा हातात घेण्याआधीच विचारलं, “पप्पा, फोन आलता का?” दर रविवारी हेच विचारायची. मला ते विचारणं बंद करायचं होतं. कायमचं. खेळ कमी पडला म्हणालो असतो तर तिनं पहाटे उठून सराव सुरू केला असता, मला तिचा स्वभाव माहीत होता. म्हणून मी असं काही शोधलं, ज्यावर तिला काहीच करता येणार नाही.

“आलता,” मी म्हणालो. “उंची कमी पडालीय म्हणले.”

तिनं माझ्या हातातून डबा घेतला. मग म्हणाली, “किती?”

हे मी ठरवून आलो नव्हतो. “दोन इंच.”

“दोनच?” ती हसली. “मग आता झाडाला लटकू का काय?” आणि डबा उघडून धपाटे खायला लागली. जाताना तिनं ग्लोव्हज माझ्या पिशवीत घातले. “घिऊन जा पप्पा, कपाटात जागा अडालीय.” परतीच्या एसटीत ती पिशवी माझ्या मांडीवर होती.

गटातला शेवटचा सामना दिवाळीच्या सुट्टीत आला. ती घरी होती. चार संघांच्या गटातून दोनच पुढं जाणार होते आणि क्लबला नुसती बरोबरी पुरणार होती. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून, डब्याला मोबाईल टेकवून आम्ही दोघं बघत होतो. गोलात दुसरीच मुलगी होती, प्रज्ञाच्या जागी बोलावलेली.

“पप्पा, ही तर माझ्यापेक्षा बुटकी दिसालीय.”

“कॅमेऱ्यात तसं दिसतं,” मी म्हणालो.

सामना संपत आला आणि समोरच्या संघाला कॉर्नर मिळाला. ती मुलगी चेंडूकडे उशिरा धावली. “पुढं ये की गं! पुढं!” प्रज्ञा ओरडली, गुडघ्यांवर उठून, दोन्ही हात वर. चेंडू आत गेला. क्लब स्पर्धेबाहेर.

प्रज्ञा हळूच खाली बसली. म्हणाली, “बरं झालं मला नाही घेतलं. मी बी असंच केलं असतं.”

तिनं असं केलं नसतं. हे मला ठाऊक होतं. आयुष्यभर तिच्या गोलावर चेंडू मारलेल्या माणसाला ठाऊक नसणार तर कुणाला? तोंड उघडायची वेळ तीच होती. मी तोंड उघडलं आणि विचारलं, “चहा घेतीस का?”

दुसऱ्या वेळीही तिला मेडिकल मिळालं नाही. आता ती इथंच बी.एस्सी. करते. मैदानाकडे जात नाही. यंदाचे गटसामने सुरू झालेत, ते बघत नाही. मी बघतो, आवाज बंद करून.

गेल्या आठवड्यात माझ्या बहिणीची मुलगी जेवायला आली होती. घरचे आपल्याशी खोटं बोलतात, आलेलं स्थळ लपवून ठेवतात, म्हणून रडत होती. प्रज्ञानं तिच्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाली, “आमच्या पप्पांचं एक बरंय बघ. वाईट असलं तरी तोंडावर सांगत्यात. मला कधी खोट्यात ठेवलं नाही त्यांनी.”

बायकोनं माझ्या ताटात भाकरी वाढली. मी मान खाली घालून ती खाल्ली. मग आणखी अर्धी मागून घेतली.