ठकूमावशीचा गोठा आणि माझी पहिली वेबसाइट

माझ्या वडिलांवर आजवर एकाच बाईनं काठी उगारली.

ती बाई काल गेली.

ठकूमावशी. आमच्या हिर्डोशीच्या वरच्या अंगाला, डोंगरावर धनगरांची पाच घरं आहेत. त्यातलं शेवटचं तिचं. चार म्हशी, दोन गाई, आणि गोठ्यात मोबाईलला पूर्ण रेंज.

त्या रेंजसाठी मी तिच्याकडे जायला लागले.

भोरचं कॉलेज सुटलं होतं. एसटीचा भरवसा नाही, आणि घरात माझ्या लग्नाचं बोलणं सुरू. मी मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून वेबसाइट बनवायला शिकत होते. मामेबहिणीनं तिचा जुना लॅपटॉप दिला होता. खाली गावात एक पेज उघडेपर्यंत चहा उकळून व्हायचा. म्हणून रोज सकाळी लॅपटॉप पाठीला लावून वर चढायचं.

मावशीनं पहिल्या दिवशी एकच विचारलं.

"कुनाला भेटाया येतीस?"

"कुणाला नाही. शिकायला."

"मग बस. त्या तांबड्या गाईच्या मागं नको बसूस, लाथ घालती."

पुढं वर्षभर तिनं काही विचारलं नाही.

गावात मात्र विचारणारे बरेच होते.

पहिलं खरं काम मिळालं ते पुण्याच्या एका दातांच्या डॉक्टरबाईंचं. ऑनलाइन ग्रुपवरून. मी ते जीव ओतून केलं. आणि क्लिनिकच्या उद्घाटनाच्या आदल्या दिवशी अपॉइंटमेंटचा फॉर्म चालेना. पेशंटनं नाव भरायचं, बटण दाबायचं, डॉक्टरांना मेल जायचा.

मेल जातच नव्हता.

निमंत्रणपत्रिकेवर वेबसाइटचा पत्ता छापून गेलेला. वस्तीवर सकाळपासून लाईट नाही. लॅपटॉपची बॅटरी बावीस टक्के.

डॉक्टर फोनवर होत्या. "कोमल, जमत नसेल तर आत्ताच सांग. मी दुसऱ्या कुणाला तरी बघते."

"पाचच मिनिटं मॅडम. फोन चालू राहू द्या."

आणि तेवढ्यात बाहेरून अण्णांचा आवाज आला. अण्णा म्हणजे माझे वडील. पोरगी वर एका पोराला भेटते, असं कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं. शेतातून तसेच चढून आले होते.

"ठकूबाई, बाजूला व्हा. आत कोन हाय?"

"तुमची पोरगी हाय. अन माजी गाभण म्हस."

"आनि?"

"आनि कोन न्हाई."

"मला बघू द्या."

"दारातनं बघा की. पन तोंडातनं सबुद काढायचा न्हाई. पोर कामात हाय."

"माज्या पोरीला बोलायला तुमाला इचारू व्हय?"

मी मान वळवून पाहिलं. मावशीची काठी वर होती. अण्णांच्या डोक्याच्याही वर. तिचा आवाज मात्र एकदम हळू.

"दादा, म्या सांगितलं ना. कामात हाय ती."

मी परत स्क्रीनकडे वळले. तीच ओळ चारदा वाचली, डोक्यात काही शिरेना. बॅटरी अकरा टक्के.

मग दिसलं. डॉक्टरांच्या मेलच्या पत्त्यात एक अक्षर राहिलं होतं. चूक माझीच.

अक्षर घातलं. सेव्ह केलं.

"मॅडम, परत भरून बघा."

फोनवर टकटक ऐकू आली. बॅटरी नऊ टक्के.

"आला! कोमल, मेल आला!"

मी लॅपटॉप मिटला. अण्णा दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. एवढंच म्हणाले, "चल घरी."

वाटेत ते रागावले नाहीत. मला वाटलं, सुटले.

नाही. दुसऱ्या दिवसापासून वर जाणं बंद. "काय करायचं ते घरात बसून कर." घरात धड रेंज नाही हे त्यांनाही माहीत होतं. डॉक्टर त्यांच्या मैत्रिणीचं काम मला देणार होत्या. त्या फोन करत असतील, आणि माझा फोन लागत नसेल, एवढंच दिवसभर डोक्यात.

नवव्या दिवशी मावशी खाली आली. गुडघ्यांमुळं ती कधी गावात उतरायची नाही. ओट्यावर बसली, पाणी प्यायली.

"दादा, पोरीला धाडा वर. म्हशीच्या इम्याची कागदं भरायचीत मोबाईलवर."

कसला विमा आणि कसली कागदं! अण्णांनाही ते कळत होतं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिनं नजर हलवली नाही.

"किती दिस लागत्याल?"

"लई कागदं हायती."

पहिले चार दिवस अण्णा माझ्याबरोबर आले. गोठ्याबाहेर बसायचे, मावशीशी बोलायचे नाहीत. पाचव्या दिवशी म्हणाले, "तू हो फुडं. मला शेताला पानी द्यायचंय." नंतर आलेच नाहीत.

आज मी भोरला खोली घेऊन काम करते. क्लिनिकं, दोन शाळा, सारोळ्याची एक रोपांची नर्सरी. लोक विचारतात, कोर्स कुठं केला? मी सांगते, कुठंच नाही, स्वतःच शिकले.

मावशीचं नाव मी कधी घेतलं नाही. का, ते सांगता येत नाही.

दिवाळीत भेटले तेव्हा म्हणाली, "अजून तुला कुनी कामाला ठिवलं न्हाई?"

"मावशी, मीच माझी मालक आहे."

"मग सुट्टी कुनाला मागायची? ये की चार दिस ऱ्हायाला."

हो म्हणाले. गेले नाही.

काल सकाळी तिच्या सुनेचा फोन दोनदा आला. मी क्लायंटशी बोलत होते. दोन्ही वेळा कट केला. तिसऱ्यांदा उचलला.

छातीत कळ आली म्हणून झोळी करून तिला खाली आणत होते. अण्णाही होते खांदा द्यायला. गाडीरस्ता यायच्या आत ती गेली.

सगळे म्हणतात, तू लगेच उचलला असतास तरी पोचली नसतीस. खरंच आहे.

पण कट केला होता, हे मला माहीत आहे.

ठकूमावशी, मी एकटी शिकले नाही. हे तू असताना सांगायला हवं होतं.

तुला माझा वाकून नमस्कार. सुखानं जा.