पोटरीतला गरवा

मंदाकिनी डोंबिवलीच्या एका कॉलेजात बावीस वर्षं माळीकाम करत होती. माहेर खडवलीचं, भातशेतीतलं. तिचा हात लागला की मरायला टेकलेलं झाडही जीव धरायचं.

गेल्या वर्षी जुलैत ऋतिका मॅडमनी सहा कुंड्या तिच्यावर सोपवल्या. मॅडम वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. कुंड्यांत होता मंदाकिनीच्या भावाच्या, धोंडीबाच्या शेतातला गरवा भात. वासाला छान, पण फुलणार ऑक्टोबरात. हल्ली पाऊस आधीच पाठ फिरवी आणि धोंडीबाचं उतारावरचं पीक दाणा भरण्याआधी करपे. मॅडमना त्याचा संकर शेजारच्या कुंड्यांतल्या, लवकर येणाऱ्या हळव्या भाताशी करायचा होता. त्यासाठी दोन्ही भातं एकाच वेळी फुलायला हवी होती.

"मावशी, गरव्याच्या जनुकांत रात्र मोजायची अक्कल असते. रात्र मोठी झाली की तो फुलोरा धरतो. आपण त्याला फसवायचं. रोज पाचला काळं कापड टाकायचं, सकाळी आठला काढायचं."

मंदाकिनी रविवारीही यायची. तेराव्या दिवशी रोपं कापडाखाली घामेजलेली दिसली. बिचारी गुदमरतात, म्हणून तिने संध्याकाळी एक बाजू वर खोचली. दुसऱ्या दिवशीही तसंच केलं. त्या बाजूला व्हरांड्याची ट्यूब रात्रभर जळत असते, हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

"कापड कुणी वर केलं?" सकाळी मॅडम ओरडल्याच.

वॉचमन सुशांतचं नाव तिच्या अगदी जिभेवर आलं होतं. पण ती म्हणाली, "मी केलं, मॅडम."

मॅडमनी कापडाची खोचलेली बाजू सोडवली. मग म्हणाल्या, "मोजणी बिघडली, मावशी. आता हा फुलेपर्यंत हळवा फुलून जाईल."

तरी तिने कापड टाकणं सोडलं नाही. रोज सकाळी रोपाचं एकेक ताट बोटांत धरून चाचपायची. ट्यूबजवळच्या चार कुंड्यांतली ताटं सपाट. हळवा फुलायला लागला, तरी सपाट. आणि एके दिवशी आडोशाच्या कुंडीतलं ताट मध्येच फुगीर लागलं. आत कणीस होतं.

"मॅडम, पोटरी धरली!"

कणीस बाहेर पडेपर्यंत हळवा जवळजवळ सरला. एकच मागाहून आलेला फुटवा उरला होता. गरव्याला स्वतःचेच पराग लागू नयेत म्हणून मॅडमनी आदल्या संध्याकाळी त्याच्या फुलांतले पुंकेसर चिमट्याने काढून टाकले. सकाळी आभाळ भरून आलेलं. भाताचं फूल दहाच्या सुमाराला उघडतं आणि तास-दीड तासात मिटतं. साडेदहा झाले. अकरा झाले. हळव्याचं एकही फूल उघडेना. मॅडम नखं खात होत्या. मंदाकिनी हळव्याच्या फुटव्यापाशी उकिडवी बसून होती. ही चूक तिची होती.

पावणेबाराला हळव्याचे परागांचे पिवळे तुरे बाहेर लोंबले. मंदाकिनीने हळव्याची लोंबी गरव्यावर झटकली.

दाणे भरले सात. यंदा त्यांतले पाच उगवले, आणि पाचही गरव्यासारखेच ऑक्टोबरात फुलले.

"मग उपयोग काय गं?" धोंडीबा हिरमुसला.

"मॅडम म्हणतात, पहिल्या पिढीत असंच होतं. पुढच्या पिढीत गुण वेगळे होतात, त्यांत काही लवकर येतील. उतारावरचा एक वाफा मला दे."

"तू तर मार्चात रिटायर होतेस ना?"

"म्हणून तर मागते."