तापवल्यावर गढूळ

त्या प्रयोगशाळेत काडी ओढायला सक्त मनाई होती, कारण कपाटं पेट घेणाऱ्या द्रावकांनी भरलेली. आणि तिथल्या बाईंचं टोपणनाव काय, तर ठिणगी! राग सदा नाकाच्या शेंड्यावर. उघडी बाटली दिसली की शिपायापासून साहेबांपर्यंत कुणाची खैर नसे. पण बंद काचनळीपुढे बसल्या की हीच बाई गोगलगाय. नळीत द्रावकात विरघळलेलं रबर, भोवती विजेवर तापणारं तेलाचं पातेलं. तेल जरासं तापवायचं, थांबायचं, बघायचं. घाई केली की नळी खोटं बोलते, असं त्या म्हणत.

“नळीशी वागतेस तसं एक दिवस माझ्याशी वागून बघ,” नवरा म्हणे.

“तू आधी नळीसारखा गप्प बस,” हे उत्तर ठरलेलं.

एका कारखान्याला असंच द्रावण दाबाखाली पाइपातून न्यायचं होतं. किती तापवलेलं चालेल, एवढाच त्यांचा प्रश्न. बाईंनी आलेख काढला: थंडीत द्रावण गढूळ, तापवलं की स्वच्छ आणि फार तापवलं की पुन्हा गढूळ. साहेबांनी त्यातला पुन्हा गढूळ होण्याचा भाग सरळ छाटून टाकला.

“नळीत कचरा असणार,” ते म्हणाले. “तापवलं की जास्त विरघळतं, हे शाळेतल्या पोरालाही कळतं.”

“ते साखरेचं झालं. हे रबर आहे. द्रावक तापून फुगतं, विरळ होतं. रबराच्या लांबच लांब साखळ्या मग त्याला सांभाळवत नाहीत. त्या एकमेकींना चिकटतात आणि वेगळ्या होतात.”

“बाई, आवाज खाली.”

आवाज खाली! बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाईमाणसाचा चढलेला आवाज सगळ्यांना ऐकू येतो, ती काय सांगतेय ते मात्र कुणाच्या कानात शिरत नाही.

कारखान्याचा इंजिनिअर अहवाल न्यायला आला, त्या सकाळी बाईंनी पातेलं, नळी आणि पुढचा जाड काचेचा आडोसा ढकलगाडीवरून थेट साहेबांच्या खोलीत आणला. दार लावून त्याला पाठ टेकली.

“आता चहा नाही, गप्पा नाहीत. नळी बघा.”

नळी स्वच्छ होती. तापत गेली आणि दुधासारखी पांढरी झाली.

“हा बघा कचरा,” साहेब म्हणाले.

“कचरा असेल तर थंड झाल्यावरही राहील ना?” बाईंनी आच कमी केली. साहेब घड्याळ बघत राहिले, इंजिनिअर नळी बघत राहिला. हळूहळू पांढरेपणा विरला आणि नळीपलीकडची खिडकी दिसू लागली.

इंजिनिअरचा चेहरा पडला. “साहेबांनी तर फोनवर सांगितलं होतं, हवं तेवढं तापवा म्हणून. आम्ही काम सुरूही केलंय.”

बाईंनी टेबलावरचा फोन त्याच्या हातात कोंबला. त्याने कारखान्याचा नंबर फिरवला. पलीकडून फोरमन ओरडतच होता, “अहो, पाइप तुंबलाय! मोकळा व्हावा म्हणून आणखी तापवतोय, तर दाबाचा काटा चढतच चाललाय!”

बाईंनी फोन हिसकावला. “तापवू नका! आच बंद करा, पंप बंद करा!”

“गार झालं तर आतच घट्ट बसेल की हो! तुम्ही कोण?”

“तापूनच घट्ट बसलंय ते! आधी बंद करा, माणसं लांब न्या, मग मला काय शिव्या द्यायच्या त्या द्या!”

फोनमध्ये पळापळ ऐकू आली, मग काहीच नाही. शेवटी फोरमनचा दमलेला आवाज आला, “काटा उतरतोय, बाई.”

साहेबांनी रुमालाने मान पुसली. “थोडक्यात निभावलं. आता हे या खोलीबाहेर जायला नको.”

“पाइपाशी माणसं उभी होती, साहेब!” बाई कडाडल्या. “माणसं!”

व्हरांड्यात माना डोकावू लागल्या. साहेब दार लावायला उठले. बाईंनी ते सताड उघडलं आणि छाटलेल्या आलेखापासून सगळी हकिगत पुन्हा सांगायला सुरुवात केली, जिन्याखालच्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात.