जन्म घाटात गेला, घाट काही पाहिला नाही

निरोपसमारंभात डेपोच्या मॅनेजरबाईंनी आमच्या ह्यांना एक भलीमोठी फ्रेम दिली. आत खिंडीचा फोटो. मधोमध हिरवंगार तळं, मागे बर्फाची शिखरं, कडेनं वळत गेलेला रस्ता. ह्यांनी फ्रेम हातात घेतली, चष्मा वर केला, पुन्हा खाली केला आणि विचारलं, "छान आहे हो. कुठला आहे हा?"

हॉलभर हशा पिकला. तीस वर्षं ज्या खिंडीतून रोज बस नेली तिचाच फोटो, आणि हे विचारतायत कुठला! ह्यांच्या जुन्या कंडक्टरनं तर पाठीवर थाप मारली, "वा 'सावकाश', जाता जाता का होईना, एक विनोद जमला तुम्हाला." मी मात्र हसले नाही. ह्या माणसाबरोबर उभा संसार केलाय मी. ह्यांना विनोद करता येत नाही. ह्यांनी खरंच विचारलं होतं.

घरी आल्यावर मी सरळ विषयाला हात घातला. "खरंच नाही ओळखलंत?"

"रस्ता ओळखला की!" हे म्हणाले. "तो उजवीकडचा कठडा आपलाच. डोंगर कुठून ओळखणार? मागे चाळीस माणसं बसलेली असताना मी डोंगर बघू होय?"

बोलणं बिनतोड होतं, म्हणून माझा जास्तच संताप झाला.

डेपोत ह्यांना सगळे 'सावकाश' म्हणायचे. कुणी घाई केली की ह्यांचं एकच उत्तर, "सावकाश." घाटातलं वळण न् वळण ह्यांना पाठ, आणि एकेकाला नावंही ठेवलेली. एक खडूस, त्याच्या पुढचं दुसरा खडूस, आणि पलीकडच्या उतारावरचं एक सासू. सासू का, तर आधी सरळ वाटतं आणि शेवटी चावतं. कुणाची सासू, असं मी एकदा विचारलं होतं. हे अंघोळीला निघून गेले.

वर खिंडीत बस थोडा वेळ थांबायची. उतारू धावत सुटायचे तळ्याकडे, फोटो काढायला. आणि हे बसचं पुढचं झाकण उघडून, तळ्याकडे पाठ करून, इंजिन किती तापलंय ते बघत बसायचे. हे मला कंडक्टरनंच सांगितलं. मला कुठून दिसणार? मला गाडी लागते. माझी ताई खिंडीच्या पलीकडच्या गावात राहते, पण तिच्याकडे जायचं म्हणजे अख्खा घाट मी पिशवीत तोंड घालून काढलेला. दिव्याखाली अंधार म्हणतात ना, आमच्या घरात दोन दिव्यांखाली होता.

रिटायर झाल्यावर हे स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसायला लागले. मी कांदा चिरत असले की म्हणायचे, "सावकाश." त्यांच्याकडे बघून मला हसू यायचं आणि पोटात तुटायचंही. लांबलांबून माणसं खर्च करून जी खिंड बघायला येतात, ती ह्या माणसानं सगळ्यांना दाखवून आणली आणि स्वतः उपाशी राहिला. हा काय न्याय झाला? बर्फ पडलं की रस्ता बंद होतो, तो थेट वसंतापर्यंत. त्याच्या आत ह्यांना खिंड दाखवायचीच, असं मी ठरवून टाकलं.

पण न्यायचं कसं? बसनं जायचं तर माझी ती तऱ्हा. आणि दुसऱ्याच्या बसमध्ये ह्यांची तऱ्हा त्याहून वाईट. प्रत्येक वळणाला पायाखालची फरशी दाबतात, जणू ब्रेक तिथंच आहे. चालत जावं तर माझे गुडघे. शेवटी चौकातल्या सायकलवाल्याकडे उपाय सापडला. प्रवाशांना भाड्यानं द्यायला त्याच्याकडे दोघांची सायकल होती. लांबलचक, पुढं एक सीट, मागं एक, आणि चढावर मदतीला बॅटरी.

"पुढं कोण बसणार?" सायकलवाल्यानं विचारलं. हे कधीच बसले होते.

तो बिचारा ब्रेक समजावून सांगायला लागला, तर ह्यांनी हात वर केला. "दादा, घाट तुम्ही मला शिकवणार?" सायकलवाल्यानं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "राहू द्या. कुणाकुणाला कळतं पण वळत नाही, ह्यांना वळतं पण कळत नाही."

सकाळी निघालो, रात्रीचा मुक्काम ताईकडे. बाई गं, काय सुख! मळमळ नाही, घेरी नाही, तोंडावर गार वारा. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या रस्त्यावर मान वर करून चालले होते. उतारावर पिवळं पडलेलं गवत, त्यात गाई. कड्याच्या अगदी टोकाला दोन रानशेळ्या, तिथं त्या कशा पोचल्या त्यांनाच ठाऊक. मी मागून ओरडायची, "अहो, वर बघा! अहो, डावीकडे!"

"गाडी चालू असताना ड्रायव्हरशी बोलू नये," हे म्हणायचे.

जित्याची खोड, दुसरं काय! सायकल घेऊन हे वळणावर बसएवढी ऐसपैस जागा घ्यायचे. प्रत्येक वळणाला घंटी. आणि स्टॉप आला की थांबायचे! एका स्टॉपवर खरोखरच एक म्हातारी बाई बोचकं घेऊन बसलेली. तिनं ह्यांना ओळखलं, सायकलीकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "आज लहान गाडी काढलीत वाटतं?"

"ही जादा गाडी आहे," हे म्हणाले. "तुमची मागून येतेय."

म्हणजे विनोद येतो की ह्यांना, असं मला वाटून गेलं. पण नाही. खरंच मागून येत होती.

दुपारी खिंडीत पोचलो आणि समोर तळं आलं. मी तर बघतच राहिले. फोटोतलं काहीच नाही, एवढं ते हिरवं होतं. शिखरं उलटी होऊन त्यात उतरलेली. डोळे भरून आले माझे. मागे वळून बघते तर आमचे हे तळ्याकडे पाठ करून उकिडवे बसलेले, आणि बॅटरी किती तापली ते हात लावून बघतायत.

माझं डोकंच फिरलं. मी गेले, ह्यांची हनुवटी धरली आणि मान वळवली. "बघा!"

ह्यांनी बघितलं. आज्ञाधारकपणे बघितलं. "हं. छान आहे," म्हणाले. आणि लगेच, "चल, वारा सुटलाय. खालची वळणं सावलीत ओली असतील."

मला रडू कोसळायचंच बाकी राहिलं. एवढा घाम गाळून वर आणलं, आणि ह्यांच्या डोळ्यांपुढं अजून वळणंच. घोड्याला पाण्यापर्यंत नेता येतं, पाजता येत नाही. मी मुकाट्यानं मागं बसले.

उतार सुरू झाला आणि ह्यांनी गियर पार खाली आणला. घाटातल्या ड्रायव्हरचा नियमच आहे तो. ज्या गियरमध्ये चढायचं त्याच गियरमध्ये उतरायचं, म्हणजे इंजिन गाडी धरून ठेवतं. ब्रेकवर भिस्त ठेवली की ब्रेक तापतात आणि घात होतो. नियम सोळा आणे खरा. फक्त सायकलीला इंजिन नसतं, हे आमच्या ड्रायव्हरसाहेबांच्या ध्यानात आलं नाही.

सायकल सुटली. पाय मारले की पॅडल नुसतीच गरागरा फिरायची.

"अहो, ब्रेक!"

"गियरमध्ये आहे. धरेल."

"काय धरेल? अहो, ब्रेक दाबा!"

"आत्ता धरेल बघ, आत्ता!"

धरतंय कसलं! कानात वारा घोंगावायला लागला. शेवटी ह्यांनी ब्रेक दाबले तेव्हा ते किंचाळले, मीही किंचाळले, आणि समोर सासू आली. वळण, कठडा, आणि त्यापलीकडे नुसती हवा. त्या वळणाच्या अलीकडे रस्त्याला एक फाटा आहे, चढावर जाणारा, जाड वाळू आणि खडी भरलेला. ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांनी त्यात घुसून थांबायचं, म्हणून केलेला. ह्यांनी हॅण्डल वळवलं आणि आम्ही थेट त्यात घुसलो. सायकल रुतली, आणि आम्ही दोघं दोन पोत्यांसारखे बाजूला पडलो.

कुणाला काही झालं नव्हतं. माझं कोपर खरचटलं, ह्यांच्या मिश्यांत वाळू गेली. माझा जीव भांड्यात पडला आणि लगेच तोंड सुटलं. मी बोलले बोलले आणि मग माझं ह्यांच्याकडे लक्ष गेलं. वाळूत बसून आपल्या हातांकडे बघत होते.

"तीस वर्षांत ह्या फाट्यात कधी गाडी घातली नाही मी," हे म्हणाले. "आणि आज घातली, ती तू मागे असताना."

असा बारीक आवाज मी ह्यांचा कधी ऐकला नव्हता. सगळा राग कुठल्या कुठं गेला. मी मिश्यांतली वाळू झटकली आणि म्हटलं, "चाळीस माणसं रोज सुखरूप नेलीत. आज एकीला जरा पाडलंत. चालायचंच. उठा, आता मी पुढं बसते."

"तुला येतं?"

"ब्रेक दाबायचे, एवढंच ना? तुमच्यापेक्षा बरं जमेल."

एरवी ऐकलं नसतं. त्या दिवशी उठले आणि निमूट मागच्या सीटवर बसले.

पहिली दोन वळणं मागून सूचनांचा भडिमार. बाहेरून घे, आतून घे, सावकाश, घंटी वाजव. मग एकदम सामसूम. मला धास्ती वाटली, डोक्याला मार तर नाही ना बसला? विचारणार एवढ्यात मागून आवाज आला.

"अगं, हा धबधबा कधीपासून आहे इथं?"

मी करकचून ब्रेक दाबले. धबधबा केवढा म्हणता! तीन माणसांच्या कवेत मावणार नाही एवढा जाड, आणि उंची तर मान मोडेल इतकी. रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर.

"मला वाटायचं, तो आवाज इंजिनाचा," हे म्हणाले.

मी हसले ती हसतच सुटले. आणि हे रडत होते. अगदी उघड, नाक ओढत, लहान पोरासारखे. "अगं, रोज जात होतो मी इथून," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते. मी त्यांचा हात धरून उभी राहिले, अंगावर तुषार येत होते तरी हलले नाही.

त्यानंतर ह्यांनी मला सायकल चालवू दिली असेल तर शपथ. शंभर पावलं गेलो की, "थांब!" थांबले की, "ते बघ!" कडा, ढग, गाई, काहीही. ज्या माणसाला डावीकडे बघा म्हणून मी सकाळभर घसा कोरडा केला, तो आता मलाच डावीकडे बघायला लावत होता. मी म्हटलं, "अहो, गाडी चालू असताना ड्रायव्हरशी बोलू नये." पण ऐकतंय कोण!

ताईकडे पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. ती बिचारी फाटकात उभी. तिनं मला आत नेलं, कोपराला औषध लावलं, आणि हे तिला घाटाचं वर्णन सांगत बसले. ताई त्या घाटाच्या पायथ्याशी जन्मभर राहिलेली. तिनं सगळं अगदी नवीन असल्यासारखं ऐकून घेतलं. ताई भली आहे माझी.

सकाळी उठले तर हे अंथरुणात नव्हते. खिडकीतून अंगणात बघितलं. सायकल बाहेर काढलेली, पुढची सीट रिकामी, आणि हे डोक्यावर हेल्मेट चढवून, एक पाय जमिनीला टेकून मागच्या सीटवर बसलेले. मला बघून हात हलवला.

"चल लवकर," हे म्हणाले. "आणि तळ्यापाशी पोचलो की मला घाई करू नकोस हं."